मेजवानीनंतरची शेगडी

पाकशास्त्रावर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी एका बाबतीत वाचकांवर नेहमीच अन्याय केला आहे. पदार्थ कसा करावा, त्यात काय किती घालावे, तो कोणत्या पात्रात व कोणत्या शोभेने वाढावा, हे सारे ते मोठ्या हौसेने सांगतात. परंतु पंगत उठल्यावर मागे जे उरते त्याविषयी त्यांची लेखणी मूक असते. उष्टी-खरकटी काढणे हे जणू ग्रंथाबाहेरचे, आणि म्हणून ग्रंथकर्त्याच्या घरातील दुसऱ्या कोणाचे तरी काम! बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लासा’त शुळावर मांस भाजण्याचे प्रकार रसिकतेने नोंदवून ठेवले आहेत. ते शूळ त्याला स्वतःला कधी घासावे लागले नसणार, हे सांगावयास नकोच. ‘शाकुंतला’तील विदूषक तर शिकारीच्या मुक्कामात अवेळी शुळावरचे मांस खावे लागते म्हणून कुरकुरतो, त्याच्या तक्रारींची यादी लांब आहे, पण तीतही शूळ घासण्याची तक्रार नाही. खाणाराची कुरकुर आपल्या वाङ्मयात फार जुनी आहे. घासणाराची अजून लिहिली जावयाची आहे.

आमच्या गारखेड्यात मात्र हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. गारखेडा हे एके काळी शहराबाहेरचे साधे खेडे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीच्या जागी वसविलेले नगर पुढे औरंगाबाद झाले, २०२३ साली ते सरकारदरबारी छत्रपती संभाजीनगर झाले, आणि मधल्या काळात केव्हातरी वाढता वाढता ते आमच्या खेड्याच्या अंगावर आले. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर बंगल्या व सदनिका उठल्या, आणि सदनिकांवर गच्च्या आल्या. दिवाळी उलटून हवेत गारवा आला की शनिवारी सायंकाळी सूतगिरणी चौकाच्या आसपासच्या दोन-चार गच्च्यांवरून तरी धूर वर चढताना दिसतोच. हा धूर स्वयंपाकघराचा नव्हे. चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात सहा दिवस राबून आलेले कोणी गृहस्थ बाह्या सरसावून ‘बार्बेक्यू’पुढे उभे आहेत, याची ती खूण होय.

या शेगडीच्या जाती तरी किती! कोणाकडे बाजारातून आणलेली, घडीच्या पायांची पत्र्याची पेटी असते. कोणाकडे गोल, झाकणाची शेगडी असते. ही १९५२ साली अमेरिकेत शिकागोकडील जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थांनी काढली. ते ज्या कारखान्यात होते तेथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांचे पत्र्याचे गोळे घडविले जात. त्यातलाच एक गोळा मधोमध कापून त्यांनी खालच्या भागात विस्तव घातला व वरचा भाग झाकण म्हणून ठेवला. आमच्याकडची तिसरी जात अस्सल देशी आहे. तेलाचे रिकामे पिंप उभे चिरून, त्याला कोनपट्टीचे चार पाय जोडून, ओळखीच्या वेल्डिंगवाल्याने एका दुपारात करून दिलेली. लोखंडावर ज्या शहराचे पोट चालते तेथे हे घडावे यात नवल नाही. मात्र त्या पिंपात पूर्वी काय भरलेले होते ते विचारून घ्यावे. खाण्याच्या तेलाचे असेल तर उत्तम. रंगाचे किंवा रसायनाचे असेल तर ते दाराबाहेरूनच परत पाठवावे. चांगल्या पिंपातही पहिला विस्तव रिकामाच जाळावा, म्हणजे बाहेरचा रंग व आतला चिकटा दोन्ही जळून जातात.

भाजून खाण्याची विद्या काही आम्हांला विलायतेने शिकविलेली नाही. मराठवाड्यात पौषाच्या सुमारास ज्वारीची कणसे दुधाने भरली की शेताच्या बांधावर आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात हुरड्याची कणसे खुपसली जातात, आणि तळहातावर चोळलेला ऊन ऊन हुरडा गूळ, शेंगदाण्याची चटणी यांच्या संगतीने संपतो. वांग्याचे भरीत तर विस्तवावाचून भरीतच नव्हे. जुन्या शहरात सायंकाळ झाली की कबाबाच्या शिगा निखाऱ्यावर फिरू लागतात. पण या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हुरड्याची आगटी ही जमिनीतला खड्डा. तिला घासावयाचे नसते, राखेवर माती लोटली की झाले, आणि पुढच्या पेरणीला तीच राख खत म्हणून उपयोगी. वांगे थेट निखाऱ्यावर पडते व आपले साल अंगावरच घेऊन उठते. आणि कबाबवाल्याची शीग रोज तापते, रोज पुसली जाते. रोज तापणाऱ्या लोखंडाला गंजावयास फुरसतच मिळत नाही. अडचण सगळी हौशी माणसाच्या शेगडीची. ती पंधरा दिवसांतून एकदा पेटते, मग चौदा दिवस चरबी, मसाला व राख अंगावर वागवीत गच्चीच्या कोपऱ्यात पडून राहते.

घरच्या चुलीची गोष्ट अशी नव्हती. ज्यांनी मातीची चूल पाहिली आहे त्यांना आठवत असेल की सकाळी विस्तव घालण्यापूर्वी रात्रीची राख काढून चुलीवर शेणामातीचे पोतेरे फिरविल्याशिवाय घरातल्या बाईचा दिवस सुरू होत नसे. चुलीची निगा ही वेगळी आठवण ठेवून करण्याची गोष्ट नव्हती. ती स्वयंपाकाचाच पहिला भाग होती. आजच्या शेगडीवाल्या गृहस्थांनी विस्तव तेवढा उचलला, पोतेरे मात्र मागेच ठेवले.

आता शेगडी साफ कशी करावी? गारखेड्यात या प्रश्नाचे पहिले उत्तर पाण्याचा नळच देतो, आणि ते नकारार्थी असते. पन्नासेक किलोमीटरवर पैठणला १९७६ साली पुरे झालेले जायकवाडीचे धरण आहे. त्याचा नाथसागर भरला की आम्ही सर्वजण हर्षभरित होतो. आणि तरीही गेली कित्येक वर्षे आमच्या शहराने नळाच्या पाण्याची वाट दिवस मोजून पाहिली आहे. मलिक अंबराने नहरी बांधून जे शहर वसविले त्याच्या नशिबी हे यावे हा एक दैवदुर्विलासच. पण तो विषय निराळा. ज्या घरात टाकीचे पाणी बोटाने मोजले जाते, तेथे तेलकट जाळीवर बादलीमागून बादली ओतणे हा अपराध ठरेल. सुदैवाने शास्त्रही येथे टंचाईच्याच बाजूचे आहे. शेगडीला पाणी कमी लावावे तेवढे बरे.

याचे कारण असे. मांस, पनीर किंवा मसाला लावलेली भाजी जाळीवर भाजताना तिच्यातून चरबी व तेल सुटते. त्याचा काही भाग निखाऱ्यावर पडून धूर होतो, काही जाळीलाच चिकटतो. जाळी गरम आहे तोवर हा थर मऊ किंवा ठिसूळ असतो. ती थंड झाली की तोच थर घट्ट बसतो, आणि पुढच्या वेळी जुन्यावर नवा चढतो. म्हणून शेवटचा घास भाजून उतरविल्यावर निखारे विझविण्याची घाई करू नये. झाकण असेल तर ते लावावे, हवेची भोके पूर्ण उघडावीत, आणि दहा-पंधरा मिनिटे जाळी नुसती तापू द्यावी. चिकटलेले सारे जळून कोरडे होते व घासणीच्या चार फटक्यांत पापुद्रे होऊन खाली पडते. त्यानंतर कांदा आडवा चिरून अर्धी फोड लांब काट्याला टोचावी व तिची कापलेली बाजू गरम जाळीवरून फिरवावी. कांद्याच्या रसाची वाफ उरलेला चिकटा उचलते, आणि कांदा तर आपल्या घरात पाण्यापेक्षा सुलभ आहे. थंड झालेली जाळी दुसऱ्या दिवशी घासावयास घेणाऱ्याला याच कामासाठी अर्धा तास, एक बादली पाणी आणि हाताची बोटे एवढे मोल द्यावे लागते.

आणि येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. हा दुसऱ्या दिवशीचा अर्धा तास कोणाचा?

गच्चीवरचा समारंभ पुरुषांचा असतो. एरवी चहाचे आधणही न ठेवणारे गृहस्थ त्या दिवशी चिमटा हाती घेतात. मित्र भोवती उभे राहून विस्तवाविषयी आपापली मते मांडतात. सर्वांना वाटते की आज घरातल्या बायकांना विश्रांती दिली. वास्तविक मसाले वाटणे, कांदे चिरणे, ताटे वर नेणे आणि रिकामी खाली आणणे हे सारे ज्यांचे त्यांच्याचकडे राहिलेले असते. मग रात्री अकराला मंडळी पांगतात, शेगडी तशीच राहते, आणि सकाळी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंच्या पुढ्यात ती जाळी कोणीतरी मुकाट्याने ठेवून देतो. आमच्या शेजारी असेच एकदा घडले. बाईंनी जाळी उचलून उजेडात धरली, उलटसुलट पाहिली आणि घरच्या मालकिणीला शांतपणे विचारले, “ताई, ही जाळी भांड्यांत धरायची का खिडकीत?”

हा प्रश्न आम्हांला मोठा मार्मिक वाटला. भांड्यांचे काम ठरलेले असते: इतक्या माणसांची भांडी, महिन्याला इतके रुपये. त्या ठरावात ताट, वाटी, कढई, फार तर कुकर येतो. चरबीच्या थरांनी काळी पडलेली, खिडकीच्या गजांसारखी लोखंडी जाळी त्यात कोणत्या कलमाने बसते? शेजारच्या ताई समंजस. त्यांनी जाळी परत घेतली व ती आपल्या यजमानांच्या खुर्चीपुढे नेऊन ठेवली. यजमान कारखान्यात यंत्रांच्या देखभालीच्या खात्यातच मोठ्या हुद्द्यावर आहेत! यंत्र थांबले की लगेच, वंगण मऊ आहे तोवरच, ते पुसून घ्यावे हे ते दररोज दुसऱ्यांना शिकवितात. त्या दिवसापासून त्यांच्या गच्चीवर नियम झाला की ज्याच्या हाती चिमटा त्याच्याच हाती घासणी, आणि तीही पाहुणे गोड खात असताना. पाहुण्यांत बसून गप्पा मारण्याचे सुख तेवढा वेळ गमवावे लागते हे खरे; पण ते सुख आजवर घरातल्या ज्या माणसांनी गमावले त्यांनी त्याची बोंब कधी मारली नव्हती. आम्हांला विचाराल तर शेगडी गरम असतानाच साफ करावी या नियमाचे धातुशास्त्र दुय्यम आहे. ती थंड झाली की ती हमखास दुसऱ्याच्या हाती जाते, हे त्याचे खरे कारण होय.

घासणीविषयी एक इशारा देणे अवश्य आहे. या कामासाठी बाजारात तारेचे ब्रश मिळतात. जुना झाल्यावर त्याची एखादी तार सुटते, जाळीला चिकटून राहते, आणि पुढच्या घासाबरोबर पोटात जाते. ही कल्पनेतील भीती नव्हे. अमेरिकेतील र्‍होड आयलंड येथे मार्च २०११ ते जून २०१२ या काळात अशा सहा रुग्णांची नोंद झाली. कोणाच्या घशात तार रुतली होती, कोणाच्या आतड्याला भोक पडले होते. आपल्या घरातला नारळाचा काथ्या, पत्र्याचे जुने उलथणे किंवा लाकडाची चपटी फळी या कामास पुरेशी आहे. फळी काही दिवसांनी जाळीच्या गजांप्रमाणे आपोआप खाचा पाडून घेते व मग गजांच्या बगलाही तासून काढते. काहीही वापरले तरी शेवटी जाळीवरून जाड फडके फिरवून पाहावे.

आता राखेकडे वळू. राख ही आपल्या भांड्यांची जुनी मैत्रीण. लाकडाच्या राखेत पोटॅशचा क्षार असतो. तो तेलकटपणाला धरतो, म्हणूनच साबण येण्यापूर्वी कित्येक पिढ्या चुलीच्या राखेने भांडी लख्ख होत असत. शेगडीची पातळ जाळी व शिगा कोरड्या राखेने व किंचित ओल्या काथ्याने घासल्या तर विकतच्या फेसाळ द्रवाची गरज पडत नाही. पण हीच राख शेगडीच्या तळाशी पडून राहिली तर शत्रू होते. ती हवेतली ओल ओढून घेते, आणि ओला क्षार पत्र्याला बिलगून बसला की पत्रा आतून खाऊ लागतो. शेगड्या विस्तवाने क्वचितच मरतात. त्या राखेने मरतात. यासाठी प्रत्येक वेळी राख काढावी. मात्र ती पूर्ण थंड झाल्यावर. वरून निवलेल्या दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंतही जिवंत राहू शकतो, आणि तशी राख प्लास्टिकच्या कचराडब्यात गेली की पुढचे सांगावयास नको.

कोळसा लाकडाचा, म्हणजे लोणारी कोळसाच घ्यावा. बाभळीचा मिळाला तर तो संथ व बराच वेळ जळतो. दगडी कोळशावर उघडे अन्न भाजू नये. जाळीविषयीही असेच. लोखंडी सामानाच्या दुकानात पांढरी चकचकीत तारजाळी स्वस्त मिळते व ती कापून शेगडीवर टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते, आणि फुललेल्या निखाऱ्याची उष्णता त्याहून पुष्कळच अधिक असते. ते जस्त अन्नात जावयाला नको. साधे लोखंड, बीड किंवा स्टेनलेस स्टील, यांपैकी काहीही चालेल.

लोखंडी व बिडाच्या जाळीची निगा आमच्या मुलखाला खरे तर नवी नाही. आपला बिडाचा तवा आपण असाच राखतो. जाळी साफ झाली व अजून हाताला सोसेल इतपत ऊन असली की तिच्यावर तेलाचे बोट अगदी पातळ फिरवावे, आणि पुढच्या खेपेस विस्तवावर ती प्रथम रिकामीच तापवावी. तेल तापून त्याचे घट्ट, काळसर, गुळगुळीत कवच बनते. ते पाणी लागू देत नाही व अन्न चिकटू देत नाही. सर्व तेले या कामी सारखी नव्हेत. जी तेले हवेत वाळून घट्ट होतात ती उत्तम. जवस व करडई ही त्यांपैकी. करडई हे तर मराठवाड्याचे घरचे पीक, आणि तिचे तेल आटवून रोगण करण्याची रीत जुनी आहे. थर मात्र नावापुरताच हवा. जाड थर दिला तर जाळी चिकट होते, तिच्यावर धूळ बसते व मुंग्यांची रांग लागते.

एका घरात दोन आहार नांदत असतील तर जाळ्याही दोन कराव्यात. हा आमचा सल्ला कोणाला सोवळेपणाचा वाटेल, वाटो. पण आजीबाईंच्या पनीरला कालच्या कोंबडीचा वास आला, तर त्या तो प्रकार पुन्हा तोंडी घेत नाहीत, आणि एकाच विस्तवाभोवती सर्व पिढ्यांनी बसावे हा जो गच्चीवरच्या खटाटोपाचा एकमेव गोड हेतू, तोच फसतो. दोन जाळ्यांची किंमत त्यामानाने काहीच नाही. एकीच्या मुठीला लाल दोरा व दुसरीच्या मुठीला पांढरा दोरा बांधला की अंधारातही घोटाळा होत नाही.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे म्हणून सांगतो. डिसेंबरच्या रात्री गच्चीवर गारठा वाढला की मुले म्हणतात, शेगडी खोलीत घेऊ, ऊब येईल. हे कदापि करू देऊ नये. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहावयाचा त्याला हा प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. उत्तर हिंदुस्थानातून दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. ज्वाळा दिसत नाही म्हणजे विस्तव निरुपद्रवी झाला असे नव्हे. शेगडी गच्चीवरच राहू द्यावी, झाकण लावून भोके बंद करावीत, म्हणजे हवा न मिळाल्याने निखारे आपोआप विझतात. अर्धवट जळलेला कोळसा पुढच्या खेपेला उपयोगी पडतो, आणि पाणीही वाया जात नाही.

उरला पावसाळा. आमच्याकडे वर्षाकाठी पडणारा सातशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. इतर आठ महिने हवा इतकी कोरडी असते की उघड्या शेगडीलाही फारसे काही होत नाही, आणि त्यामुळेच मृगाच्या पहिल्या सरीला ती बेसावध सापडते. मे महिना संपण्यापूर्वी एका सकाळी, उन्हे चढण्याआधी, तिचे सर्व भाग सुटे करावेत. तळाची राख कोपऱ्यांतून खरवडून काढावी. हवेच्या भोकांत साचलेली काजळी काडीने मोकळी करावी. गंजाचे ठिपके दिसतील तेथे वाळूकागद फिरवून तेलाचा हात द्यावा. बाहेरच्या पत्र्याला हवा तर उष्णता सोसणारा काळा रंग लावावा, आतल्या बाजूला कधीही नाही. जाळ्या व शिगा तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवाव्यात. पिंपाची शेगडी असेल तर ती उलटी करून विटांवर टेकवावी, म्हणजे तिच्या पोटात पाणी साचत नाही व खालून वारा खेळतो. चाळलेली राख बागेतल्या झाडांना थोडी थोडी द्यावी, एकदम ढीग नव्हे. आमच्याकडची काळी जमीन मुळातच क्षाराकडे झुकलेली आहे. आणि उरलेला कोळसा पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावा; चार महिने ओल प्यालेला कोळसा दिवाळीनंतर पहिल्या शनिवारी पेटता पेटत नाही, आणि मग गच्चीवर भुकेली माणसे व नुसता धूर.